लेकीचा प्रश्न: मूळ रहिवासी तिथेच होते, मग माणसं आफ्रिकेतून का आणली?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी,

आम्ही व्हर्जिनियात हॅम्प्टनजवळ राहतो. मागच्या रविवारी लेकीला घेऊन फोर्ट मन्रोला गेले होते. ती १३ वर्षांची आहे, शाळेत सध्या वसाहतींचा काळ शिकवताहेत. पुस्तकात या जागेला जेमतेम दोन ओळी मिळाल्यात आणि जागा आमच्या घरापासून २० मिनिटांवर. म्हटलं, एकदा पाण्याकडे तोंड करून उभी तरी राहू दे.

या टोकाला तेव्हा पॉइंट कम्फर्ट म्हणत. ऑगस्ट १६१९ च्या अखेरीस 'व्हाइट लायन' नावाचं लुटारू जहाज इथे लागलं. वसाहतीतल्या जॉन रॉल्फने लंडनला पत्रातून कळवलं की या जहाजाने '२० आणि काही निग्रो' आणले आणि गव्हर्नर व वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीच्या व्यापाऱ्याने शिधा देऊन ते घेतले. (शब्द त्या काळचा आहे म्हणून तसाच ठेवलाय.) मी हे तिला मराठीत सांगितलं तर ती 'आणि काही'वरच अडली. "काही म्हणजे किती? समोर उभे होते ना? मग मोजले का नाहीत?"

खरा प्रश्न गाडीत बसल्यावर आला. "आई, इथे पाउहॅटन लोक आधीपासून राहत होतेच. मग इंग्रजांनी त्यांनाच का नाही गुलाम केलं? समुद्र ओलांडून माणसं आणायचा खटाटोप कशाला?"

घरी येऊन तिचं पुस्तक उघडलं. त्यात असं आहे: मूळ रहिवासी रोगराईने मेले, उरलेले जंगलात पळून जात, आणि आफ्रिकन लोकांना उष्ण हवेची व शेतकामाची सवय होती. मी मोठ्याने वाचत होते आणि 'सवय होती'पाशी माझा आवाजच बसला. लेक म्हणाली, "म्हणजे त्यांना ते सोपं गेलं असं म्हणायचंय का?" मी नुसती मान हलवली. मला काय बोलावं सुचेना.

तिला दोन आठवड्यांत वर्गात यावर बोलायचं आहे. पुस्तकातलं उत्तर कितपत खरं? कुणी नीट समजावून सांगेल का? सोपं करून नको, तिला कळतं सगळं.

सागरगोटा

ताई, रोगराईचं तेवढं सांगतो, कारण या एका वाक्यावर सगळ्यांचं भागतं आणि तिथेच घोटाळा होतो.

कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावरचे ताईनो लोक बघा. कोलंबस १४९३ मध्ये दुसऱ्यांदा आला तो १७ जहाजं घेऊन. त्यांत उसाची कांडीसुद्धा होती. सोनं पुरेसं सापडेना तेव्हा १४ वर्षांवरच्या माणसावर वसुली बसवली: दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायात बांधतात ती घुंगराएवढी घंटा भरून सोन्याची धूळ. १४९५ मध्ये त्याने पंधराशेच्या वर माणसं पकडली, त्यांतली ५०० च्या आसपास स्पेनला विकायला जहाजांत घातली. सुमारे २०० वाटेतच गेली, समुद्रात टाकली. म्हणजे अटलांटिक ओलांडणारा गुलामांचा पहिला मोठा तांडा अमेरिकेकडून युरोपकडे गेला. हे बहुतेक पुस्तकांत उलटं वाटतं.

पुढे एन्कोमिएन्दा आली. गावंच्या गावं स्पॅनिश माणसाच्या नावावर. पुरुष खाणीत, बायका शेतात, पेरणीची वेळ चुकली की पुढच्या वर्षी उपास. १५१४ च्या मोजणीत त्या बेटावर ताईनो राहिले होते २६,००० च्या आसपास. आणि देवीची साथ तिथे पोचली १५१८ च्या शेवटी. आता तुम्हीच क्रम लावा. रोगाने शेवटचा घाव घातला, पण तो येईपर्यंत माणसं कामाने, उपासमारीने आणि तलवारीने संपत आली होती. उपाशी, दमलेल्या, घर तुटलेल्या माणसाला रोग तरी कसा सोडेल?

बार्तोलोमे दे लास कासास हे नाव लेकीला जरूर सांगा. त्याच्याकडे स्वतःची एन्कोमिएन्दा होती, ती त्याने १५१४ मध्ये सोडली आणि उरलेलं आयुष्य तिथल्या मूळ रहिवाशांसाठी भांडला. पण १५१६ मध्ये त्यानेच राजाला सुचवलं की इंडियन (म्हणजे हेच मूळ रहिवासी) लोकांचं ओझं कमी करायला आफ्रिकेतले गुलाम आणा. म्हातारपणी त्याने लिहून ठेवलं की ते चुकलं, आफ्रिकन लोकांना पकडणंही तेवढंच अन्यायाचं होतं. तोवर, १५१८ मध्येच, राजा कार्लोसने ४,००० आफ्रिकन माणसं वसाहतीत न्यायचा परवाना एका दरबाऱ्याला देऊनही टाकला होता.

जुनेदप्तर

ताई, उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण हे घाईत लिहू नये असं वाटलं. मी रिचमंडला असतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आठवड्याचे दोन दिवस ग्रंथालयात बसून सतराव्या शतकातल्या कोर्टाच्या नोंदी वाचतो, अक्षर लागलं नाही की छापील नक्कल शेजारी घेऊन. त्यामुळे मी सांगतो ते कागदाच्या बाजूने. सागरगोटा यांनी स्पॅनिश भाग नेमका सांगितलाय, मी इंग्रजांकडे वळतो.

लेकीच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती पुस्तकानेच तिच्या डोक्यात घातली. 'त्यांनाच का नाही गुलाम केलं?' केलं. हजारोंनी केलं. आणि आफ्रिकेतून माणसं आणणं व इथली माणसं पकडणं ही एकामागून एक आलेली दोन प्रकरणं नाहीत. कित्येकदा ते एकाच जहाजाचं जाणं आणि येणं होतं.

हे मी अलंकारिक बोलत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मार्बलहेडला बांधलेलं 'डिझायर' नावाचं १२० टनांचं जहाज होतं. २६ मे १६३७ ला इंग्रजांनी मिस्टिक नदीवरच्या पीक्वॉट लोकांच्या तटबंदीच्या गावाला पहाटे आग लावली. तासाभरात ४०० च्या वर माणसं गेली, त्यांत बायका, मुलं, म्हातारे. पुढच्या आठवड्यांत जे हाती लागले ते वाटून घेतले. गव्हर्नर विन्थ्रॉपच्या रोजनिशीत नोंद आहे की १५ मुलगे आणि दोन बायका कप्तान पीअर्सबरोबर बर्म्युडाला रवाना केल्या, पण बर्म्युडा चुकलं म्हणून त्याने त्यांना कॅरिबियनमधल्या प्रॉव्हिडन्स बेटावर नेलं. फेब्रुवारी १६३८ मध्ये पीअर्स 'डिझायर' घेऊन परत बोस्टनला आला. जहाजात काय होतं? विन्थ्रॉप लिहितो: थोडा कापूस, तंबाखू, आणि निग्रो, वगैरे.

त्या 'वगैरे'वर मी किती वेळ बसून राहिलो होतो ते मलाच ठाऊक. तुमची लेक 'आणि काही'वर अडली ना, अगदी तिथेच मी अडलो. कापसाच्या आणि तंबाखूच्या रांगेत माणसं, आणि त्यांच्यापुढे 'वगैरे'.

आता 'पळून जात' या कारणाकडे या. पीक्वॉट मुलगा कनेटिकटमध्ये ठेवला तर तो पळणारच. वाट पायाखालची, भाषा ओळखीची, मामा-काका नदीपलीकडे. म्हणून त्याला बेटावर विकायचा. आणि अंगोलातला माणूस मॅसॅच्युसेट्समध्ये आणला की त्याला ना वाट माहीत ना भाषा. गुलाम करायला आधी माणूस परका करावा लागतो, आणि जहाज तेच करतं. इकडच्याला तिकडे, तिकडच्याला इकडे. 'इंडियन पळतात, आफ्रिकन पळत नाहीत' असला स्वभाव कुणाचा नव्हता. आफ्रिकन माणसंही सुरुवातीपासून पळत होती. त्याचा कागद पुढे देतो.

१६७५-७६ मध्ये त्याच भागात इंग्रजांशी झालेल्या युद्धात हेच पुन्हा झालं. वॅम्पानोआग लोकांचा प्रमुख मेटाकॉम मारला गेला, त्याचं डोकं प्लिमथला खांबावर २० वर्षांच्या वर टांगून ठेवलं. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाचं काय करायचं यावर धर्मगुरूंनी बायबलमधली वचनं काढून पत्रव्यवहार केला. मारावा की विकावा? विकला. आणि दक्षिणेत कॅरोलायनात तर हा धंदाच होता. इंग्रज व्यापारी एका जमातीला बंदुका द्यायचे आणि दुसऱ्या जमातीची माणसं मोबदल्यात घ्यायचे. १६७० ते १७१५ दरम्यान तिथल्या व्यापारात पकडून विकलेल्या इंडियन लोकांचा इतिहासकारांचा अंदाज २४,००० पासून ५१,००० पर्यंत जातो. त्या काळात चार्ल्सटन बंदरात जेवढे आफ्रिकन गुलाम उतरले त्याहून जास्त इंडियन गुलाम बाहेर गेले. १७०८ ची शिरगणती आहे: वसाहतीत एकूण ९,५८० माणसं, त्यांत ४,०८० गोरे, ४,१०० काळे गुलाम आणि १,४०० इंडियन गुलाम. हे १,४०० शाळेच्या पुस्तकात शोधून दाखवा.

आता आपल्या व्हर्जिनियाकडे. तुम्ही जिथे उभ्या होता तो किनारा केकाउटन लोकांचा. ९ जुलै १६१० ला सर थॉमस गेट्स तिथे आला. त्याने काय केलं, तर आपल्या डफवाल्याला पुढे काढून वाजवायला आणि नाचायला लावलं. काय चाललंय ते बघायला लोक जवळ आले. जवळ आल्यावर त्यांच्यावर तुटून पडले, गाव घेतलं, आणि शेतात उभा असलेला मका घेतला. उरलेले केकाउटन परत त्या गावी राहायला आले नाहीत. नऊ वर्षांनी त्याच किनाऱ्यावर 'व्हाइट लायन' लागलं.

इंग्रजांना इथल्या लोकांची मजुरी नको होती का? हवी होती, पण त्याहून जमीन हवी होती. सुरुवातीला पाउहॅटनांचा प्रमुख वाहुनसेनाकॉ याच्या अमलाखाली ३० च्या आसपास जमाती आणि १५,००० लोक, आणि इंग्रज मूठभर, तेही १६०९-१० च्या हिवाळ्यात उपाशी मेलेले. ज्याचा मका खाऊन जगायचं त्याला बेड्या घालता येत नाहीत. मग रॉल्फने कॅरिबियन बियाण्याचा तंबाखू पिकवला आणि सगळं फिरलं. तंबाखू तीन-चार वर्षांत जमीन पिळून काढतो, की चला पुढच्या तुकड्याकडे. त्यात कंपनीने नियम केला: जो एक माणूस आणण्याचा खर्च करेल त्याला ५० एकर. माणूस आणला की जमीन मिळते, आणि ती जमीन पाउहॅटनांची. मार्च १६२२ मध्ये पाउहॅटनांचा पुढारी ओपेकंकनॉ याने एका सकाळी ३४७ इंग्रज मारले, त्याच्यामागे हे सगळं होतं.

पुस्तक आणखी एक गोष्ट गाळतं. पहिली ५०-६० वर्षं व्हर्जिनियाचा तंबाखू मुख्यतः गरीब इंग्रज पोरांनी पिकवला. चार ते सात वर्षांचा करार लिहून देऊन आलेली, कित्येक करार संपायच्या आत मेलेली. १६७१ मध्ये गव्हर्नर बर्कलीने लंडनला कळवलं: ४०,००० वस्ती, ६,००० ख्रिस्ती नोकर, २,००० काळे गुलाम. म्हणजे १६१९ नंतर अर्धं शतक उलटलं तरी आकडा २,००० च. 'उन्हाची सवय' हे खरं कारण असतं तर एवढी वर्षं इंग्रज पोरं त्याच उन्हात कशी राबली? हिवतापाचंही कारण सांगतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच लोकांच्या रक्तात त्याविरुद्ध थोडी ताकद होती हे खरं, पण त्याने जहाज भरत नाही. जहाज भरलं पैशाने आणि कायद्याने. इंग्लंडमध्ये मजुरी वाढली, करारावर येणारी पोरं आटली, १६७२ मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीला सनद मिळाली, १६९८ मध्ये तिची मक्तेदारी मोडून कोणाही इंग्रज व्यापाऱ्याला हा धंदा खुला झाला. त्यानंतर आकडे धावायला लागले.

आणि कायदा कसा रचला ते बघण्यासारखं आहे, कारण तो एका दिवशी झाला नाही. जुलै १६४० चा कागद: ह्यू ग्विनचे तीन नोकर मेरिलँडला पळाले, पकडून आणले. तिघांनाही तीस-तीस फटके. एक डच, एक स्कॉट: त्यांना मालकाकडे एक वर्ष जास्त आणि मग वसाहतीची तीन वर्षं चाकरी. तिसरा जॉन पंच. तो 'निग्रो असल्यामुळे' त्याने मालकाची किंवा मालक ज्याला देईल त्याची चाकरी मरेपर्यंत करायची, 'इथे किंवा अन्यत्र'. तिघांचा गुन्हा एकच होता. शिक्षा वाचली की समजतं वाट कुठे फुटली.

दुसरा कागद एलिझाबेथ कीचा. बाप इंग्रज, विधानसभेचा सदस्य. आई आफ्रिकन. ठरलेली चाकरीची मुदत केव्हाच संपली तरी सोडेनात, म्हणून ती १६५५ मध्ये कोर्टात गेली. म्हणाली, माझा बाप स्वतंत्र माणूस होता, इंग्लंडच्या कायद्याने मूल बापाचं. आणि माझा बाप्तिस्मा झालाय. ती जिंकली. मग काय झालं? १६६२ मध्ये कायदा आला: मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. १६६७ मध्ये दुसरा: बाप्तिस्म्याने कोणी मुक्त होत नाही. एका बाईला ज्या दोन वाटांनी बाहेर पडता आलं त्या दोन्ही त्यांनी मागून बुजवल्या. आणि १६६२ च्या कायद्याचा अर्थ तुमच्या लेकीला तुम्हीच जपून सांगा. मालकाने गुलाम बाईवर बळजबरी केली तर होणारं मूलसुद्धा त्याची मालमत्ता.

१६८२ च्या कायद्यात, ख्रिस्ती देशाबाहेरून आणलेले निग्रो आणि शेजारच्या जमातींनी विकलेले इंडियन, दोघेही एकाच कलमात गुलाम ठरवले. एकाच कलमात. म्हणून म्हणतो, दोन प्रकरणं वेगळी शिकवू नका.

नचिकेत_ब

लेख उत्तम, पण एक बाजू कुणी घेत नाही म्हणून विचारतो. आफ्रिकेतल्या राजांनीच आपली माणसं विकली ना? युरोपियन किनाऱ्यावर थांबायचे, आत जाऊन पकडत नव्हते. मग सगळा दोष एकाच्याच माथी का?

जुनेदप्तर

नचिकेत, विचारलंत ते बरं केलंत. विकली, हे खरं. पण 'आपली' हा शब्द जरा तपासू. तेव्हा कुणी स्वतःला 'आफ्रिकन' म्हणत नव्हतं. कोंगो होतं, न्दोंगो होतं, बेनिन होतं. राजा विकायचा तो लढाईत हरलेल्या शेजाऱ्याची माणसं. कॅरोलायनात जे झालं तेच.

आणि एकदा दार उघडलं की ते राजाच्या हातात राहत नाही. कोंगोचा राजा अफोंसो स्वतः ख्रिस्ती झालेला, पोर्तुगीज लिहिता-वाचता येणारा, युद्धकैदी विकणारा. त्याने जुलै १५२६ मध्ये पोर्तुगालच्या जुआंव राजाला लिहिलं की तुमचे व्यापारी रोज आमची माणसं नेताहेत, सरदारांची मुलं, आमचे नातलगसुद्धा पळवताहेत, देश ओस पडतोय. आम्हाला फक्त धर्मगुरू आणि शिक्षक पाठवा, आणि प्रार्थनेपुरती द्राक्षाची दारू व पीठ. बाकी व्यापारी नकोत. ते पत्र आजही वाचता येतं. उपयोग झाला नाही. बेनिनच्या राजाने त्याच सुमारास पुरुष गुलामांची विक्री बंद करून बघितली, तर जहाजं दुसऱ्या बंदरांना वळली.

'आत जाऊन पकडत नव्हते' हेही अंगोलाला लागू नाही. १६१८-१९ मध्ये लुआंडाच्या पोर्तुगीज गव्हर्नरने इंबांगाला नावाच्या भाडोत्री टोळ्यांना हाताशी धरून न्दोंगोवर स्वाऱ्या केल्या, राजधानी लुटली, हजारो माणसं हाकत किनाऱ्यावर आणली. 'साव जुआंव बाउतिस्ता' या जहाजात ३५० माणसं भरली आणि ते मेक्सिकोच्या व्हेराक्रूझकडे निघालं. वाटेत 'व्हाइट लायन' आणि 'ट्रेझरर' या दोन जहाजांनी त्याला लुटलं. व्हेराक्रूझला उतरली तेव्हा १४७ माणसं उरली होती. बाकीची कुठे आजाराने गेली, कुठे वाटेत विकली, काही लुटारूंनी नेली. पॉइंट कम्फर्टला आलेले 'आणि काही' ते त्यांतले.

आणखी एक, आपल्या भाषेतला शब्द आहे म्हणून सांगतो. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसाची किंमत बऱ्याच ठिकाणी कवड्यांत मोजायचे. त्या कवड्या मालदीवच्या. तिथून हिंदी महासागरातल्या जहाजांच्या तळाशी वजन म्हणून भरून युरोपला जायच्या, तिथून पोत्यांनी आफ्रिकेला. बरोबर हिंदुस्थानातलं सुती कापड. 'कवडीमोल' म्हणताना मला हल्ली ते पोतं दिसतं.

एकूण आकडा मागाल तर १५०१ ते १८६६ पर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेत जहाजांवर चढवली, पलीकडे जिवंत उतरली ती १ कोटी ७ लाखांच्या आसपास. मधला फरक समुद्रात आहे. आज जी अमेरिकेची संयुक्त संस्थानं आहेत तिथे थेट आली ती ४ लाखांहून थोडी कमी. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास. लेकीने नकाशा काढला तर बाणांची जाडी या हिशेबाने काढायला सांगा. सगळ्यात जाड बाण उसाकडे जातो.

अबोली_०७

छान चर्चा. एक छोटी सूचना: तिने बोलताना 'रेड इंडियन' टाळावं आणि शक्य तिथे जमातीचं नाव घ्यावं: पीक्वॉट, पॅमंकी, ताईनो. आणि ते लोक 'होते' असं नको. पॅमंकी लोक तिच्याच राज्यात आहेत, किंग विल्यम काउंटीत, स्वतःच्या जमिनीवर. १६४६ आणि १६७७ च्या तहांची आठवण म्हणून पॅमंकी आणि मॅटपोनाय अजून दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी रिचमंडला गव्हर्नरच्या दारात हरीण आणून देतात. केंद्र सरकारने पॅमंकींना मान्यता दिली ती मात्र २०१५ मध्ये!

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनेदप्तर काका, तुमचं उत्तर मी दोन रात्री थोडं थोडं करून लेकीला वाचून दाखवलं. १६६२ च्या कायद्यापाशी ती गप्प झाली, मग म्हणाली, "पुढचं उद्या." दुसऱ्या दिवशी तिनेच आठवण केली.

तिने 'डिझायर' घ्यायचं ठरवलंय. एका कागदावर तो सगळा समुद्र काढलाय, बोस्टनहून खाली जाणारा एक बाण आणि वर येणारा एक. खालच्या बाणाजवळ '१५ मुलगे, २ बायका' लिहिलंय. वरच्याजवळ आकडा लिहायला काही नाही, म्हणून तिने विन्थ्रॉपचा तो 'वगैरे' मोठ्या अक्षरांत लिहिला आणि खाली रेघ मारली.

काका, एक विचारायचं राहिलं. '२० आणि काही' मधल्या कुणाची नावं सापडतात का? ती म्हणते, एक तरी नाव हवं.

जुनेदप्तर

नेमकं त्यांतलंच कोण ते ठामपणे सांगता येत नाही, पण त्या सुमारास आलेल्यांची नावं सापडतात, ताई. १६२५ च्या सुरुवातीला वसाहतीची घरोघर यादी केली: कोणाकडे किती माणसं, किती मका, किती बंदुका, कोण कुठल्या जहाजाने आलं. जेम्सटाउनला कप्तान विल्यम पीअर्सच्या घरच्या यादीत शेवटी एक ओळ आहे: 'अँजेलो, निग्रो बाई, ट्रेझरर जहाजातून'. तिला हल्ली अँजेला म्हणतात. ती त्या दोन जहाजांपैकी दुसऱ्यातून आली. (हा पीअर्स वेगळा, 'डिझायर'चा कप्तान वेगळा.)

आणि दुसरी ओळ तुमच्या शेजारची. तेव्हाचं एलिझाबेथ सिटी म्हणजे तुमचं हॅम्प्टन. तिथे कप्तान विल्यम टकरच्या घरच्या यादीत: 'अँटनी, इझाबेल, आणि विल्यम त्यांचं मूल, बाप्तिस्मा झालेलं'. आईबापांच्या नावापुढे 'निग्रो' आहे, मुलाच्या नावापुढे नाही. त्याच्यापुढे 'त्यांचं मूल' आहे.

खाडीकाठची

काका, ती ओळ तिने वहीत उतरवून घेतली. हॅम्प्टन म्हटल्यावर तिने आधी नकाशा उघडला आणि आमच्या घरापासून किती लांब ते बघितलं. शनिवारी आम्ही पॅमंकी संग्रहालय बघायला जायचं म्हणतोय. पण त्याआधी परत एकदा फोर्ट मन्रोला जायचं असं तिने ठरवलंय. म्हणते, मागच्या वेळी आपण फक्त जहाज बघत होतो.